पोटगी थकली तर मुलाची भेट तुटते का? कोकणातल्या आई-वडिलांसाठी पायरीपायरीने

ऑगस्ट उजाडला की हा संवाद सुरू होतो. मुंबईहून फोन येतो, "गणपतीला येतोय. पोराला पाच दिवस घरी पाठव." इकडून उत्तर जातं, "आठ महिने एक पैसा टाकलेला नाहीस. आधी पैसे, मग पोर." तिकडून, "भेटूच देत नाहीस, तर पैसे कसले मागतेस?" गणपती जातात, शिमगा येतो, संवाद तोच राहतो. थकलेले महिने तेवढे वाढतात.

तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीच्या टेबलाशी मी काही वर्षं स्वयंसेवक म्हणून बसते आहे. समोर कधी आई येते, कधी वडील, आणि बरेचदा आजी, कारण पोराच्या फीचे पैसे शेवटी तिच्याच पेन्शनमधून गेलेले असतात. तिघांचाही समज एकच असतो: पैसे आणि भेट एकाच दोरीला बांधलेले आहेत, एक सोडलं की दुसरं सुटतं. हा लेख पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढणाऱ्यांसाठी आहे. वकील लागेलच. त्याच्याकडे जाताना पिशवीत कुठले कागद असावेत आणि कुठली चूक आधीच टाळावी, एवढं इथे सांगते.

उत्तर आधी

पैशाची वही आणि भेटीची वही कायद्याने वेगळी ठेवली आहे. पोटगी थकली म्हणून भेटीचा हक्क आपोआप जातो, असं सांगणारं कलम आपल्याकडे नाही. भेट मिळत नाही म्हणून पोटगी बंद करता येते, असंही कुठे लिहिलेलं नाही. दोन्ही वह्यांवर नाव मुलाचं आहे, त्यामुळे मोठ्यांना आपसात वजावट करता येत नाही. भेटीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मधल्या एका निकालात स्पष्ट लिहिलं. मूल म्हणजे निर्जीव वस्तू नव्हे, दोन्ही पालकांचा सहवास हा त्याचा हक्क आहे, आणि ज्याच्याकडे ताबा नाही तो पालक लांब राहत असेल तर फोनवरून, व्हिडिओ कॉलवरून बोलण्याची सोयही आदेशात असावी.

पण वह्या वेगळ्या असल्या तरी त्या एकाच टेबलावर येतात आणि न्यायाधीश दोन्ही वाचतात. ऐपत असून तीन वर्षं पोटगी बुडवणारा माणूस "मला पोराची फार ओढ आहे" असं शपथेवर सांगतो, तेव्हा ते वाक्य कितपत खरं धरायचं हे पैशाच्या वहीवरूनही ठरतं. आईने प्रत्येक भेटीला खोडा घातलेला असेल, तर तेही तसंच वाचलं जातं.

चार शब्द सुटे करून घ्या

पोटगी म्हणजे खाणंपिणं, कपडे, शाळा, औषधपाणी यांचा खर्च; जुन्या कागदांत हिलाच 'खावटी' म्हणतात. ताबा म्हणजे मूल रोज कुणाकडे राहतं. भेट म्हणजे ताबा नसलेल्या पालकाला मिळालेला वेळ. कोर्टाच्या व्हरांड्यात याला सगळे 'ॲक्सेस' म्हणतात.

चौथा शब्द पालकत्व, आणि घोळ इथेच होतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे वडील नैसर्गिक पालक आणि त्यांच्यानंतर आई. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा मात्र साधारणपणे आईकडे. 'त्यांच्यानंतर' म्हणजे वडील वारल्यावरच का? गीता हरिहरन प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नाही. वडील जिवंत आहेत पण मुलाकडे पूर्ण पाठ फिरवून बसले आहेत, तर ते 'नाहीत' असं धरून आई पालक म्हणून काम करू शकते. म्हणजे चार महिन्यांची थकबाकी पालकत्वाला धक्का लावत नाही. पण वर्षानुवर्षं ना पैसा, ना फोन, ना मुलाची चौकशी, अशी परिस्थिती असेल तर ती थकबाकी दुर्लक्षाचा पुरावा बनते.

एक गोष्ट मात्र थकबाकीने अजिबात बदलत नाही. आईने दुसरं लग्न केलं आणि नवीन नवऱ्याने मुलाला दत्तक घ्यायचं ठरवलं, तर हिंदू दत्तक व पोटगी कायदा, १९५६ च्या कलम ९ प्रमाणे जन्मदात्या वडिलांची संमती लागते. संन्यास घेतला असेल, धर्म सोडला असेल किंवा कोर्टाने वेडसर ठरवलं असेल तरच ती लागत नाही. "तो दमडी देत नाही, त्याला कशाला विचारायचं" हे तिथे चालत नाही. हे ऐकून चिडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांचा राग मला कळतो.

पायरी १: हातातला कागद ओळखा

कोकणात पहिला कागद बहुधा कोर्टाचा नसतोच. वाडीत बैठक बसते, गावकीतले चार जाणते, कधी मुंबई मंडळाचे पदाधिकारी येतात, ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर मजकूर उतरतो, सह्या होतात आणि नोटरीचा शिक्का बसतो. माणसं तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणतात आणि म्हणतात, "हा घ्या आमचा आदेश."

तो आदेश नाही. त्यावरून वॉरंट निघत नाही, पगार जप्त होत नाही. तो फाडू नका, कारण एवढी रक्कम द्यायचं त्याने कबूल केलं होतं हे दाखवायला उपयोगी पडतो. पण वसुलीसाठी कोर्टात नव्याने अर्ज करून आदेश घ्यावाच लागेल.

या कागदांत एक वाक्य हमखास सापडतं: "आई यापुढे मुलाची पोटगी मागणार नाही व वडील मुलास भेटण्याचा आग्रह धरणार नाहीत." दोन्ही बाजूंना सुटल्यासारखं वाटतं. पण मुलाचा पोटगीचा हक्क आईला असा सोडून देता येत नाही, आणि मुलाची भेटही विकता येत नाही. असं कलम मुलावर बंधनकारक धरलं जात नाही. सही केली असेल तरी अर्ज करायला घाबरू नका.

कोर्टाचा आदेश असेल तर नक्कल विभागातून त्याची सही-शिक्क्याची प्रत काढून घ्या. मोबाइलमधला फोटो चालत नाही. मग बघा: कोर्ट कुठलं, कुठल्या कायद्याखाली आणि कलमाखाली, मुलाची रक्कम वेगळी लिहिली आहे की आईच्या रकमेत मिसळली आहे, आणि पोटगी कुठल्या तारखेपासून. दाव्याचा १६ अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख घरबसल्या कळते. मंडणगडच्या आतल्या गावातून तारखेला यायचं आणि "साहेब रजेवर आहेत" ऐकून परत जायचं, यात दिवस आणि एसटीचं भाडं दोन्ही जातं.

पायरी २: आदेश कुठल्या कलमाखाली, यावरून घड्याळ ठरतं

लेखातला हा भाग दोनदा वाचा. लोकांचं सर्वांत मोठं नुकसान इथे होतं.

पोटगीचा सगळ्यांना खुला असलेला मार्ग म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं आहे. धर्म कुठलाही असो, आई-वडिलांचं लग्न झालेलं असो वा नसो, मुलाला हे कलम लागू पडतं. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुस्लिम घरांतून येणाऱ्या बायका विचारतात, "आम्हाला हे लागतं का?" लागतं. तलाकनंतरही मुलांची या कलमाखालची पोटगी अबाधित राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ सालीच सांगितलं आहे. अर्ज माहेरच्या तालुक्यात, म्हणजे बाई आता जिथे राहते तिथे करता येतो. नवऱ्याच्या नालासोपाऱ्याच्या पत्त्यावर धावायची गरज नाही. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे अर्ज त्या न्यायालयात, नाहीतर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त दिवस जातात. तरी अर्जात त्या ६० दिवसांचा उल्लेख करायला वकिलांना सांगा.

या मार्गाची मेख अशी: थकलेल्या रकमेच्या वॉरंटसाठी अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. जानेवारीचा हप्ता थकला तर त्याचा अर्ज पुढच्या जानेवारीच्या आत. "गणपतीला येईल तेव्हा बोलू, शिमग्याला बोलू" करत तीन वर्षं घालवली, तर या मार्गाने मागचं एकच वर्ष हाती लागतं. मी पाहिलेल्या एका प्रकरणात ३८ महिने थकले होते. त्या ताई दर सणाला सासऱ्यांच्या शब्दावर थांबत आल्या होत्या.

दुसरा मार्ग हिंदू विवाह कायदा, १९५५ चा. घटस्फोटाच्या दाव्यात कलम २४ खाली तात्पुरती पोटगी आणि कलम २६ खाली मुलाचा ताबा, खर्च, शिक्षण. हा दिवाणी आदेश असल्याने त्याची वसुली 'दरखास्त' (अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करून होते आणि मुदत १२ वर्षांची असते. तिसरा मार्ग २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा. त्यात मालकाला किंवा कंपनीला थेट "याच्या पगारातून इतके कापून कोर्टात भरा" असं सांगता येतं.

एकाहून जास्त मार्गांनी अर्ज केले असतील तर ते लपवू नका. एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे वळती होते, आणि लपवलेलं उघडं पडलं की तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरचा विश्वासही उडतो.

पायरी ३: थकबाकीचा तक्ता

वहीचं एक पान उभं आखा. महिना, आदेशाची रक्कम, आलेली रक्कम, कशी आली, बाकी. बँकेच्या पासबुकशी जुळवा. रोख मिळालेले पैसे प्रामाणिकपणे लिहा. तीन हजार लपवायला गेलात आणि समोरच्याने पावती काढली, तर अख्खा तक्ता संशयात जातो.

वडिलांसाठी तेवढंच महत्त्वाचं: गणपतीला आणलेले कपडे, सायकल, आजोबांच्या हातात दिलेले पाचशे, हे सगळं प्रेमाचं असेल, पण कोर्टाने ठरवलेल्या पोटगीत ते आपोआप वळतं होत नाही. दर महिन्याला एकाच तारखेला खात्यावर पाठवा आणि पाठवताना "मुलाची पोटगी, जून" असं लिहा. रोख द्यायची वेळ आलीच तर सही घ्या.

पायरी ४: वसुली

कलम १४४ च्या आदेशाची थकबाकी दंडासारखी वसूल होते. जंगम मालमत्तेची जप्ती होते, किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. वॉरंट बजावूनही पैसे आले नाहीत, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद सुनावता येते. पैसे भरले की सुटका. "एक महिना आत जाऊन आलो की हिशोब मिटला" असं काही जण चहाच्या टपरीवर सांगतात. मिटत नाही. तुरुंगवास हा वसुलीसाठीचा दाब आहे, त्याने रक्कम फिटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच म्हटलं आहे.

पगारदार माणसाचं तुलनेने सोपं. एरवीच्या कर्जवसुलीत पगाराचा मोठा हिस्सा जप्तीतून वाचतो. पोटगीच्या दिवाणी आदेशात मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगाराचा एक तृतीयांशच वाचतो, बाकीच्यावर जप्ती येऊ शकते. माणूस मुंबईत असला तरी गुहागरचा आदेश तो जिथे असेल तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत बजावता येतो.

कोकणात खरी अडचण वेगळीच असते: कमाई दिसत नाही. सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यात त्याचं अकरावं. बाग खंडाने दिलेली, पैसे एप्रिल-मेमध्ये रोखीत. होडीवर खलाशी, मिळकत वाट्यावर. घराला लागून दोन खोल्या पर्यटकांना दिलेल्या. कोर्टात तो सांगतो, "बेकार आहे, भावाच्या घरात राहतो."

यावर उपाय आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना मालमत्ता, उत्पन्न आणि देण्यांचं शपथपत्र देणं बंधनकारक केलं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं सांगितलं. त्याच्या शपथपत्राला उत्तर द्यायला तुम्ही जमवा: सातबारा आणि आठ-अ, वाशीच्या दलालाची आंब्याची पट्टी (विक्रीचा हिशोब), होडी कुणाच्या नावावर आणि परवाना कुणाचा, मच्छीमार सोसायटीतून कुणाच्या नावे डिझेल उचललं जातं, खोल्यांच्या बुकिंगचे त्याने स्वतःच टाकलेले फोटो आणि दर. जहाजावर असेल तर घरी येणाऱ्या अलॉटमेंटच्या, म्हणजे पगारातून घरी पाठवल्या जाणाऱ्या रकमेच्या, बँक नोंदी. फोनवरचे संदेश जोडणार असाल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकिलांना आठवण करून द्या. धडधाकट माणसाला "काम नाही" म्हणून हात वर करता येत नाहीत, अंगमेहनत करूनही मुलाला पोसावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा बजावलं आहे.

आखातात गेलेल्या माणसापर्यंत पोचणं अवघड आहे, आणि त्यात खोटा दिलासा द्यायचा नाही. पण कोर्टाचं वॉरंट निघालं असेल तर पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १०(३) खाली पासपोर्ट कार्यालयाला ते कळवता येतं, आणि पासपोर्टवर कारवाई होऊ शकते. नूतनीकरणाची वेळ जवळ आली की आजवर बंद असलेले फोन लागायला लागतात.

पायरी ५: भेटीच्या अर्जात थकबाकी कशी वाचली जाते

आता मूळ प्रश्न. ताबा किंवा भेटीचा निर्णय मुलाच्या हिताच्या कसोटीवर होतो. १९५६ च्या पालकत्व कायद्याचं कलम १३ हेच सांगतं. मग थकबाकी येते कुठे?

पहिली जागा, विश्वासार्हता. का थकली याला इथे किंमत आहे. होडी बुडाली, नोकरी गेली, दवाखान्यात होता, तरी जमेल तेवढे हजार-दोन हजार टाकत राहिला, अशा माणसाकडे कोर्ट वेगळ्या नजरेने बघतं. नवी गाडी घेऊन पोटगी शून्य ठेवणाऱ्याकडे वेगळ्या.

दुसरी जागा, अटी. भेट वाढवून मागायला आलेल्या वडिलांना न्यायाधीश "आधी थकबाकीतले काही तरी भरा" असं सांगू शकतात. मुलाच्या प्रवासाचा, राहण्याचा खर्च त्यांच्यावर टाकू शकतात. तो न्यायाधीशांचा अधिकार आहे. आईने स्वतःच्या मनाने तीच अट घालणं वेगळं.

तिसरी जागा, बचावच काढून टाकणं. मुद्दाम, आदेशाला न जुमानता पोटगी बुडवणाऱ्याचं म्हणणं दाव्यातून वगळता येतं. रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने हा शेवटचा उपाय म्हणून मान्य केला आहे. घटस्फोटाच्या दाव्यात तुमची बाजूच ऐकली जाणार नाही, ही साधी गोष्ट नव्हे.

चौथी जागा मुलाचं स्वतःचं मन. दहा-बारा वर्षांच्या मुलाला न्यायाधीश आपल्या दालनात बोलावून विचारू शकतात. फी भरली नाही म्हणून वर्गात उभं राहावं लागलेलं पोर काय सांगेल, याचा अंदाज वडिलांनी आधीच करावा.

आणि आईसाठी. भेटीचा आदेश आहे आणि पैसे थकले आहेत, तर भेट चालू ठेवा आणि त्याच दिवशी वसुलीचा अर्ज टाका. मनाला न पटणारं आहे, मला माहीत आहे. पण भेट अडवली की दुसऱ्या तारखेला विषय बदलतो. कालपर्यंत 'त्याने पैसे दिले नाहीत' हा मुद्दा होता, आजपासून 'हिने आदेश मोडला' हा होतो, आणि अवमानाच्या अर्जाला उत्तर देण्यात वसुली मागे पडते. ताबा बदलून मागायला तुम्हीच त्याला कारण देता.

भेट थांबवण्याची खरी कारणं वेगळी आहेत: मारहाण, दारू पिऊन येणं, पोराला घेऊन नाहीसं होण्याची धमकी. तसं असेल तर ताबडतोब कोर्टात जा आणि भेट देखरेखीखाली ठेवायची किंवा थांबवायची मागणी करा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ मध्ये, मुलाला अपाय होईल असं वाटलं तर भेट नाकारण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांना आहे. तिथे पैशाचा विषय मध्ये आणू नका. दारूची तक्रार आणि थकबाकी एकाच परिच्छेदात लिहिली की समोरचा वकील म्हणतो, "म्हणजे पैसे दिले असते तर दारूही चालली असती."

पोराच्या तोंडून निरोप पाठवणं बंद करा. "बाबांना सांग, फी भरायचीय" हे वाक्य आठ वर्षांच्या मुलाने एसटी स्टँडवर उभं राहून म्हणायचं नसतं.

पायरी ६: देणाऱ्याला खरंच जमत नसेल तर

गप्प राहू नका. परिस्थिती बदलली की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ (जुनं १२७) खाली रक्कम कमी करून मागता येते. मात्र अर्ज टाकला म्हणून जुना आदेश थांबत नाही आणि मागची थकबाकी सहसा पुसली जात नाही. म्हणून नोकरी गेली त्याच महिन्यात या, वर्षाने नाही. मासेमारी बंदीचे महिने कोरडे जातात, आंब्याचे पैसे वर्षातून एकदाच येतात. मग हंगामात जास्त आणि पावसाळ्यात कमी अशी विभागणी मागा. वर्षाची बेरीज तीच राहत असेल तर समोरची बाजूही बहुतेक वेळा मान्य करते.

बायकोशी भांडण आहे म्हणून मुलाची पोटगी बंद करता येत नाही. ती सबळ कारण नसताना नांदायला येत नाही, हे सिद्ध झालं तर तिच्या स्वतःच्या पोटगीवर परिणाम होऊ शकतो, मुलाच्या नाही. तिला अंगणवाडीत पगार मिळतो म्हणूनही तुमचा वाटा संपत नाही. उलट बाजूही आहे: मूल वडिलांकडे असेल आणि आई कमावती असेल, तर हिंदू दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम २० प्रमाणे मुलाच्या पोषणाची जबाबदारी तिच्यावरही येते.

भेट नाकारली जात असेल तर तुमच्यापुढचा रस्ता पैसे रोखणं हा नाही. आदेश असेल तर त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज. आदेश नसेल तर चालू दाव्यात भेटीचा अर्ज, किंवा पालक व पाल्य कायदा, १८९० खाली मूल जिथे राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात: रत्नागिरी जिल्ह्यासाठी रत्नागिरी, सिंधुदुर्गसाठी ओरोस, रायगडसाठी अलिबाग. आणि त्या अर्जाला मागच्या बारा महिन्यांच्या पोटगीच्या नोंदी जोडा. दुसऱ्या कुठल्याही पुराव्यापेक्षा त्या पानाचा उपयोग होतो.

पायरी ७: वेळापत्रक कोकणाच्या हिशोबाने

"दर शनिवारी सायंकाळी ४ ते ६, न्यायालयाच्या आवारात." शहरातल्या नमुन्यावरून उतरवलेला असा आदेश दोडामार्गच्या मुलाला आणि कल्याणच्या वडिलांना काय कामाचा? दोन तासांसाठी रात्रभर प्रवास कुणी करत नाही. दोन-तीनदा गैरहजेरी लागते आणि मग "यांना भेटीत रसच नाही" असं रेकॉर्डवर येतं. आदेश व्हायच्या आधीच आपली मागणी लेखी द्या.

महिन्यातून एक पूर्ण शनिवार-रविवार, रोज किंवा दिवसाआड ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, मे महिन्याच्या सुट्टीचा अर्धा भाग, गणपती आणि शिमगा आलटून पालटून. गणपतीत दिवस मोजून लिहा, कारण कुणाकडे दीड दिवसांचा, कुणाकडे पाच, कुणाकडे गौरीबरोबर विसर्जन. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणून सणाच्या तारखा त्याआधी दोघांनी एकमेकांना कळवाव्यात असं कलमच घाला. वाडीत नेटवर्क नसेल तर कॉल कुठून करायचा तेही लिहा. आमच्याकडे एका प्रकरणात शाळेमागच्या सड्यावरून (उंच माळावरून) मूल बोलायचं, आणि तो सडा आदेशात नमूद होता.

मूल सोपवायची जागा तटस्थ ठेवा. तालुक्याच्या कोर्टात मुलांसाठी वेगळी खोली असेलच असं नाही, आणि पोलीस ठाणं तर नकोच. शाळा, ग्रंथालय, दोघांच्याही विश्वासातली आत्या.

खर्चाचं

बाई आणि मूल यांना विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका समितीत अर्ज करा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. वडिलांना उत्पन्नाच्या मर्यादेत बसलात तर मिळतो, म्हणून दाखला काढून या. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (फिरत्या खंडपीठाकडे) जातात, रायगडला मुंबईच.

मूल १८ वर्षांचं झालं की ताबा आणि भेट हा कोर्टाचा विषय उरत नाही; ते स्वतः ठरवतं. कलम १४४ खालची पोटगीही साधारण तिथेच थांबते. अपंगत्वामुळे स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या मुलासाठी ती चालू राहते, आणि हिंदू कायद्यात स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीचा हक्क लग्नापर्यंत आहे. अठराव्या वाढदिवसाआधीची थकबाकी मात्र वाढदिवसाने माफ होत नाही.

भेटीच्या दिवशी

आईने पिशवीत मुलाचं औषध, शाळेची वही आणि एक जास्तीचा शर्ट टाकावा. वडिलांनी वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचावं. पैशाचा, तारखेचा, वकिलाचा विषय त्या दिवशी स्टँडवर निघू नये. दोघांनीही घरी गेल्यावर वहीत एवढंच लिहावं: किती वाजता नेलं, किती वाजता आणलं, मूल जेवलं होतं का. आणि परतताना घाटात गाडी अडकली किंवा संध्याकाळची एसटी चुकली, तर आधी आईला फोन करा, मग पुढच्या गाडीची चौकशी.